आमची टीम आम्ही दिलीच नव्हती

मुलचेऱ्याकडच्या आमच्या गावाला फुटबॉलचं वेड लावलं ते शेजारच्या बंगाली वस्तीनं. आम्ही तलावात जाळी टाकून आणि थोडी धानशेती करून जगणारी माणसं. बंगाली लोक मासे घ्यायला यायचे आणि मॅचच्या गप्पा मारत बसायचे. बघता बघता आमचीही टीम उभी राहिली. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. धान निघालं की तलावाखालच्या बांध्यांचे, म्हणजे धानाच्या वाफ्यांचे, धुरे मोडून गाव मैदान करायचं. गोलाची जाळी माझ्या बाबांनी विणलेली होती. ती इतकी पक्की होती की चेंडू अडकला तर काढायला दोन माणसं लागायची.

आमची टीम खेळणाऱ्यांची नव्हती, बघणाऱ्यांची होती. ज्या घरातलं माणूस मैदान करायला राबलं, त्या घराला सभेत बसायचा हक्क. कप्तान कोण, कुठल्या गावाला खेळायला जायचं, कोणाला बाहेर बसवायचं, हे सगळं सभेत ठरायचं. बाबा सभा चालवायचे, म्हणून आमच्या घराच्या जागी मी बसायची. पोरगी आहे म्हणून कोणी नाक मुरडलं नाही. मुरडलं असतं तर मी ऐकून घेणारी नव्हतेच. खेळाडूंना मात्र सभेत मज्जाव. पोरगा समोर बसला की त्याला बाहेर बसवायचं कसं बोलणार? त्यामुळे सभा सुरू झाली की पोरं कुडाच्या भिंतीपलीकडे जाऊन थांबायची. माझा मोठा भाऊ गोलकीपर होता, तोही तिथेच असायचा.

सभेची आणखी एक रीत होती. गावाबाहेरच्या माणसाला तोंडावर ‘नाही’ म्हणायचं नाही. त्यातून तो आपल्या घरी जेवला असेल तर विचारूच नका. एखादी गोष्ट पटली तर लोक बोलायचे, फाटे फोडायचे, भांडायचेसुद्धा. नाही पटली तर सगळे गप्प. थोडा वेळ तसाच गेला की बाबा उठून दुपट्टा झटकायचे आणि विषय मिटायचा. बंगाली वस्तीतल्या लोकांनाही हे ठाऊक होतं. आम्ही गप्प झालो की ते हसून चहा मागायचे.

त्या हिवाळ्यात बिडीच्या तेंदूपत्त्याचा एक ठेकेदार आला. माणूस आरमोरीकडचा, अंगानं भरलेला, बोलायला गोड. आमच्याकडेच जेवला, मरळाचा रस्सा दोनदा मागून घेतला. मग सभेत उभा राहून म्हणाला, टीम मले देऊन टाका. माझ्या नावानं खेळंन. पोरांले बूट देतो, कपडे देतो, गाडी देतो. कोन खेळंन, कुठी खेळंन, ते मी पाहीन. तुमाले काही तरास नाई.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मैदान आमचं, जाळी आमची, पोरं आमची, आणि हा म्हणतो देऊन टाका! मी सगळ्यांकडे पाहिलं. सगळे गप्प. मीही ओठ घट्ट मिटले.

“कोनाची काही हरकत हाये का?” त्यानं विचारलं. कोणी हललं नाही. त्यानं पुन्हा विचारलं, तरी तेच. बाबा उठले आणि त्यांनी दुपट्टा झटकला. ठेकेदारानं सगळ्यांना हात जोडले, हसत हसत बाहेर गेला. किती समजूतदार माणूस, असं म्हणत आम्ही घरोघर पांगलो. मला तर वाटत होतं, आपण त्याला चांगलाच उभ्या उभ्या वाटेला लावला.

सकाळी बाबा तलावावर होते. मी अंगण सारवत होते, तर रस्त्यावर मेटॅडोर उभी दिसली. आमची पोरं तिच्यात चढत होती. शेवटी माझा भाऊ चढला. मी शेणाच्या हातानं धावत गेले, हाक मारली. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. गाडी गेली. मी रस्त्यात तशीच उभी. ठेकेदाराच्या माणसानं जाता जाता शेजारणीला सांगितलं होतं, सभेनं एकमतानं टीम दिली. एकमतानं! मला धड रडूही येईना.

बाबांना सांगितलं तर त्यांना खरंच वाटेना. “आपन तं नाई म्हटलं ना वो त्याले,” एवढंच ते म्हणत राहिले. जेवायला बसले तेव्हाही हेच, झोपायला गेले तेव्हाही हेच.

थोड्याच दिवसांनी मुलचेऱ्याला सामने होते. आमचं अख्खं गाव बैलगाड्या जुंपून गेलं. आमची पोरं पिवळे कपडे घालून मैदानात आली. छातीवर ठेकेदाराचं नाव. आमच्या बायांमध्ये कोणीतरी हुंदका दिला. आणि जन्मात कोणाला तोंडावर दुखावलं नाही असे माझे बाबा मैदानाभोवतीचा दोर ओलांडून थेट ठेकेदारासमोर जाऊन उभे राहिले.

“नाई,” ते म्हणाले. “आमी टीम देल्ली नाई तुमाले.”

ठेकेदाराचा चेहरा अजून आठवतो. तो चोर नव्हता. तो आमच्याइतकाच हबकला होता.

“अवो भाऊ, मी पुन्हा पुन्हा इचारलं! तवा काऊन नाई बोलले?”

“तुमी आमच्या घरी जेवले होते ना,” बाबा म्हणाले.

आजूबाजूची परकी माणसं खो खो हसली. बाबांना त्यात हसण्यासारखं काय होतं तेच कळेना. पंचांनी त्यांना हाताला धरून दोराबाहेर आणलं. टीम ठेकेदाराच्या नावावर लागून गेलीय, आता काही होत नाही, असंही सांगितलं.

मी तडक गोलामागे गेले. भाऊ खांबाशी उभा होता. म्हटलं, “भाऊ, त्यानं फसवलं तुमाले. आमी नाई म्हटलं होतं. तुले सभेची रीत मालूम नाई का?”

“मालूम हाये,” तो म्हणाला. “मी कुडाले कान लावून उभा होतो. तो इचारून राह्यला होता, अन् मी वाट पाहून राह्यलो होतो. म्हटलं, बाकी राहू दे, बा तं बोलंन. तू तं बोलशीन.”

“पाहुन्याले तोंडावर कसं म्हनाव?”

“पाहुना तो होता,” भाऊ म्हणाला. “मी का पाहुना होतो?”

तो कुडापलीकडे उभा असेल हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यालाही काहीतरी ऐकायचं असेल हे एकाच्याही मनात आलं नव्हतं. हे मला आत्ता, त्याच्यासमोर उभं असताना कळत होतं.

शिट्टी झाली आणि तो गोलात जाऊन उभा राहिला. आमच्या गावानं त्या दिवशी जी आरडाओरड केली तशी पुढे कधीच केली नाही. म्हातारे ओरडले, बाया ओरडल्या, बाबा त्याचं नाव घेऊन घसा बसेपर्यंत ओरडले. मीही ओरडले. त्यानं चेंडू अडवले, एकामागून एक अडवले, पण दोराकडे एकदाही पाहिलं नाही. सामना संपला तसा तो मेटॅडोरमध्ये जाऊन बसला. बाबा गाडीच्या मागे धावत होते, आणि ओरडून ओरडून त्यांच्या घशातून आवाजच निघत नव्हता.