शाकारलेली गाडी

नाखवा पावसाळ्यात गाडी बाहेर काढत नसत.

एरवी त्यांच्या त्या लाल स्पोर्ट्स कारला ऊन चालायचं, खारा वारा चालायचा, मासळी सुकवणाऱ्या बायकांचे टोमणेही चालायचे. पण जेठ लागला, समुद्राचं पाणी गढूळ झालं आणि कोळीवाड्यातल्या होड्या वाळूवर ओढून घेतल्या, की नाखवाही आपली गाडी त्या रांगेच्या टोकाला नेऊन उभी करायचे. चाकांखाली फळ्या सरकवायचे, बाजूंनी बांबू रोवायचे, वर नारळाच्या झावळ्यांची झापं, झापांवर निळी ताडपत्री टाकायचे आणि जाळ्याच्या जुन्या दोरीने सगळं आवळून बांधायचे. पावसाळ्यात होडी शाकारतात तशी गाडी शाकारायचे. मग थेट नारळी पुनवेपर्यंत तिला हात लावायचा नाही.

"नाखवा, ही गाडी आहे. होडी नाही," मी म्हणायचे.

"पावसात मासळी पिल्लं घालते, पोरी. तिला तरास द्याचा नाय."

"रस्त्यावर कुठली आली मासळी?"

"रस्त्याच्या खाली हाय ना," ते म्हणायचे आणि गाठ घट्ट करायचे.

खरंच होतं ते. ज्या रस्त्यावर ही गाडी चालवण्यासाठी त्यांनी ती घेतली, तो रस्ता समुद्रात भराव टाकून, खांब रोवून केलेला होता. ज्या खडकांवर नाखवांचं जाळं पिढ्यान् पिढ्या लागत आलं, नेमकं त्यांच्यावरून तो गेला होता.

त्या रस्त्याविरुद्धची पत्रकं मी लिहीत होते, म्हणून माझी नि नाखवांची ओळख. मी लालबागची. वडील गिरणी बंद झाल्यावरही पत्रकं वाटत राहिले, आणि मी अक्षरं गिरवली ती त्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. कोळीवाड्याच्या सभेत मी माझं पहिलं पत्रक मोठ्या आवाजात वाचलं. सुरुवात होती, 'समुद्र आमची माता आहे.' मागे जाळं विणत बसलेले नाखवा मान वर न करता म्हणाले, "कोणाची माता? आई काय रोज गिळायला उठते? दर्या शेजारी हाय आमचा. भांडतो, पण दार उघडं ठेवतो. लिही, आमच्या दारातून जायच्या आधी आमाला इचारा." सभा हसली. मी माझी माता खोडली आणि त्यांचं वाक्य घातलं. पुढे मोर्च्यात तेच सगळ्यांच्या तोंडी होतं. त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. मी पत्रकवाली झाले.

नाखवांची होडी पाच माणसांची होती आणि तिचे मालक दोघे, नाखवा आणि त्यांचे धाकटे भाऊ धर्माकाका. नाखवा सुकाणूवर, धर्माकाका नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला. नाळेवरचा माणूस पाणी बघतो आणि मागच्याला ओरडून सांगतो. चाळीस वर्षं या दोघांचं बोलणं असंच झालेलं, एकाने पुढे बघत ओरडायचं, दुसऱ्याने मागून ऐकायचं. जमिनीवर आले तरी ते समोरासमोर बसून बोलत नसत. ओट्यावर बसले तरी एकामागे एक.

कोळीवाड्याने ठरवलं होतं की खांबांमधली होड्यांची वाट रुंद करून मिळेपर्यंत कोणी भरपाई घ्यायची नाही, कोणी होडी विकायची नाही. ठरावाचं पत्रक माझंच. त्यावर पहिली सही धर्माकाकांची, दुसरी नाखवांची. त्याच वर्षी नाखवीण वारल्या. मग होडीवरचे तीन खलाशी एकेक करून गावाकडे निघून गेले. आणि एक दिवस नाखवांनी ठराव मोडला. सगळ्यांत आधी त्यांनीच. भरपाई घेतली, होडी विकली, धर्माकाकांचा वाटा त्यांच्या बायकोच्या हातात दिला. धर्माकाकांनी तो आणून नाखवांच्या उंबऱ्यावर ठेवला आणि बोलणं बंद केलं.

मी तणतणत गेले होते. "तुम्ही दर्या विकलात, नाखवा."

"मी होडी इकली," ते म्हणाले. "दर्या तर त्यांनी कवाच घेतला, मना न इचारता. पाच माणसांची होडी, पोरी. ओढणारे दोन. तू येतेस ओढायला?"

मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आजही म्हणते की त्यांनी चूक केली. एक माणूस फुटला की पन्नास फुटतात, आणि तसंच झालं. पण कोळीवाड्याने त्यांना वाळीत टाकल्यासारखं केलं तेव्हा मी त्यांच्याकडे जाणं सोडलं नाही. भांडायला तरी कोणीतरी हवं असतं माणसाला.

काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. "इंग्रजी वाचायचंय. ये." मी गेले तर ते मला परळला, श्रीमंतांच्या वापरलेल्या गाड्या विकणाऱ्या एका काचेच्या दुकानात घेऊन गेले. आत इतका गारवा होता की नाखवांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. मध्ये ती लाल गाडी उभी. दोन माणसांची, पोट जमिनीला टेकेल इतकी खाली. टाय लावलेला विक्रेता आधी आमच्याकडे बघेचना. मग नाखवांनी बोट दाखवलं तसा आला आणि म्हणाला, "सर, स्लाइटली यूज्ड आहे. एकाच मालकाची."

"म्हणजे त्याला कंटाळा आला," नाखवा म्हणाले. त्यांनी गाडीवर बोटाच्या पेराने टकटक केलं, वाकून कान लावला, मग सरळ लादीवर आडवे झाले आणि डोकं गाडीखाली घातलं. कोळी माणूस जुनी होडी घेताना आधी तिचं बूड बघतो. विक्रेता घाबरला. "सर, सर, काय करताय?"

खालून आवाज आला, "पाणी किती बघितलंय हिनं?"

"सर, फक्त सहा हजार किलोमीटर चाललीये."

"किलोमीटर नाय रे बाबा, पाणी. पाण्यात बसली होती का कवा? हिंदमाताला बुडतात गाड्या, त्यातली न्हाय ना?"

विक्रेत्याला राग आला. त्याने कागद आणून माझ्या हातात कोंबले. मी वाचून दाखवले आणि दुकानातच बाजूला घेऊन त्यांना म्हणाले, "नाखवा, ज्यांनी तुमचा समुद्र बुजवला त्यांचीच ही गाडी. लाज वाटायला हवी."

"वाटते ना," ते म्हणाले. "पण त्यांना काय दिसतं वरून, ते मना बघायचंय. एवढ्या घाईत कुठं जातात, ते बघायचंय."

"मग साधी गाडी घ्या. एवढी खाली कशाला?"

"पाण्याला लागून चालली पायजे," ते म्हणाले. "उंचावर बसून दर्या दिसत नाय."

गाडी ताब्यात मिळाली त्या दिवशीही मी होते. ते सुकाणूवर, म्हणजे स्टिअरिंगवर बसले. मी सवयीने दुसरं दार उघडायला गेले, तर त्यांनी आतून हात आडवा धरला. "तू बशीनं ये. ती जागा माणसाची हाय."

"मी माणूस नाही?"

"नाळेवरच्या माणसाची," ते म्हणाले. मग ओशाळून हसले. "आणि तू तरी बसली असतीस का गो त्या रस्त्यावर? पत्रकात लिवलंयस ना, पाय ठेवणार नाय म्हणून. बरं झालं, वाद मिटला."

मी बसने गेले. कोळीवाड्यात पोचले तेव्हा कळलं, गाडी गल्लीत शिरलीच नाही. दोन्ही बाजूंचे ओटे आणि मधलं गटार, त्यात ती अडकली असती. म्हणून नाखवांनी ती बंदरावर, होड्यांच्या बाजूला उभी केली होती. बायका जमल्या होत्या. "नाखवा, जाला कवा टाकताव?" एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "टोपली कुठं ठेवायची हीत? मांडीवर?" नाखवा ऐकून घेत होते. त्यांचं लक्ष तिथे नव्हतंच. तिथून हाकेच्या अंतरावर धर्माकाका आपल्या एकट्याच्या छोट्या होडीत बसून जाळ्याची भोकं सांधत होते. त्यांनी मान वर केली नाही.

नवी होडी पहिल्यांदा पाण्यात जाते तेव्हा नाळेवरचा माणूस नारळ घेऊन आधी चढतो, मग बाकीचे. ही गाडी घेताना नाखवांच्या मनात हे होतं, हे मला नारळी पुनवेला कळलं. त्यांनी गाडीच्या पुढच्या टोकाला झेंडूचा हार बांधला, कुंकू लावलं, सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ डाव्या सीटवर ठेवला आणि डावीकडचं दार उघडं टाकून उभे राहिले. सगळा कोळीवाडा नाचत, वाजवत किनाऱ्याकडे गेला. धर्माकाका सदऱ्यावर लाल रुमाल बांधून मिरवणुकीच्या मधोमध. दारासमोरून गेले. दाराकडे बघून गेले. थांबले नाहीत.

संध्याकाळी नाखवांनी नारळ स्वतःच पाण्यात सोडला आणि दार लावून घेतलं. दर वर्षी नारळी पुनवेला हेच. दोन माणसांची होडी घेतली आणि दुसरा माणूसच नाही, असं लोक हसून म्हणायचे. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

मात्र त्या गाडीमुळे दोघा भावांमध्ये एक विचित्र बोलणं सुरू झालं, आणि त्याचं टपाल माझ्यामार्फत जाऊ लागलं. नाखवा रोज सकाळी रस्त्यावर एक फेरी मारून यायचे. आले की वाळूवर उभे राहून मला सगळं सांगायचे, पण इतक्या मोठ्याने की धर्माकाकांच्या होडीपर्यंत ऐकू जावं. "पत्रकवाले, आज कासवाच्या खडकापाशी थांबलो. पाणी मातकट हाय. वारा उतरलाय."

रस्त्यावर त्यांच्या थांबण्याच्या जागा ठरलेल्या होत्या. खालच्या खडकांच्या नावांनी ते तो रस्ता ओळखायचे. बाकीच्या गाड्या भोंगे वाजवत अंगावरून जायच्या आणि ही त्यांच्यातली सगळ्यांत वेगवान गाडी कडेला, कोणी चालत असावं तशी. एकदा हवालदार आला.

"काय आजोबा, बंद पडली का?"

"नाय. इथं आमचं जाळं लागायचं."

"बरं बरं. चला पुढे, इथं थांबता येत नाही."

हे सांगून नाखवा खूप हसले होते. मग म्हणाले, "त्याचं पण खरंच हाय गो. रस्त्यावर थांबता येत नाय. दर्यात कुठं पण थांबता यायचं."

तेवढ्यात होडीतून धर्माकाकांचा आवाज आला. माझ्याकडे बघून, मला उद्देशून. "पत्रकवाले, सांग त्याला, आज मोठी भरती हाय. ती लाल डबी मागं घे म्हणावं, न्हायतर पोहायला लागंल."

मी वळून नाखवांना म्हटलं, "धर्माकाका म्हणतात—"

"आयकलं," नाखवा म्हणाले आणि गाडी मागे घेतली. त्या दिवशी ते किती खूश होते! घरी नेऊन त्यांनी मला स्वतःच्या हातचं बोंबलाचं कालवण खाऊ घातलं. दोन पाट मांडले होते, आणि भिंतीला टेकवलेल्या तिसऱ्या पाटाकडे ते जेवताना सारखे बघत होते.

यंदा उन्हाळ्यात नाखवा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. धर्माकाकांनी खांदा दिला, अग्नी दिला, सगळं रीतीप्रमाणे केलं. रडले नाहीत. मी दोन दिवस काहीतरी लिहायचा प्रयत्न केला. ठराव मोडणाऱ्या माणसाबद्दल आमच्या पत्रकांमध्ये एकच शब्द असतो, फितूर, आणि तो मला त्यांच्यासाठी वापरता येईना. दुसरा शब्द मला कोणी शिकवलेला नाही.

जेठ लागला. समुद्र गढूळ झाला. होड्या वर ओढल्या गेल्याचं कळलं तशी मी कोळीवाड्यात गेले. गाडी उघडीच उभी असणार, तिच्यावर काहीतरी टाकावं, एवढंच मनात होतं. बंदरावर पोचले तर रांगेच्या टोकाला धर्माकाका बांबू रोवत होते. त्यांची स्वतःची होडी अजून उघडी होती. त्यांनी आधी गाडी घेतली होती.

"धर दोरी," मला बघून म्हणाले.

मी टोक धरून उभी राहिले. त्यांनी फळ्या सरकवल्या, झापं उचलली, आणि मग ती तशीच वाळूवर ठेवून गाडीला वळसा घालून गेले. डावीकडचं दार उघडलं. गुडघे धरून, कण्हत, त्या खोल सीटवर बसले. दोन्ही हात मांडीवर. समोर बघत होते. शेजारची जागा मोकळी होती. मी कुठे बघावं ते न कळून पाण्याकडे बघत राहिले.

बऱ्याच वेळाने ते बाहेर आले. "हितनं पुढचं काय दिसत नाय," ते म्हणाले. "एवढ्या खाली बसून कोण सांगणार त्याला पाणी?"

मग त्यांनी झापं घातली, ताडपत्री ओढली, माझ्या हातातली दोरी घेऊन गाडीला वेढे दिले. मोडीत काढायच्या होडीला कोणी शाकारत नाही. ती तशीच पावसात सोडतात. धर्माकाका प्रत्येक गाठ पुनवेला सुटेल अशी मारत होते, ओढून बघत होते, पुन्हा मारत होते. शेवटची गाठ बसली तेव्हा त्यांनी हात झटकले आणि समुद्राकडे तोंड करून, या वेळी माझ्याकडे न बघता म्हणाले,

"पत्रकवाले, सांग त्याला. बांधली म्हणावं."