कीर्तिमुखानं काय खाल्लं

लेकीचं चित्र आमच्या दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या मंडळाच्या प्रदर्शनात लागलं, तेव्हा मला आनंदापेक्षा वैतागच जास्त आला. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेत ती थोडक्यात राहिली होती. सोमवारी पुन्हा वर्षभराच्या कोचिंगचा फॉर्म भरायचा होता, आणि ही आठवडाभर रंगात हात घालून बसलेली. फॉर्मचं सांगितलं तेव्हा मात्र तिनं मुकाट मान डोलावली होती. पोर तशी गुणाची.

चित्र कीर्तिमुखाचं. देवळाच्या उंबऱ्यावर असतो तो राक्षस. धड नाही, नुसतं करड्या फटकाऱ्यांचं अक्राळविक्राळ तोंड आणि जबड्यात काहीबाही कोंबलेलं. जो येईल तो समोर थांबून अक्कल पाजळायचा. शेजारचे काका म्हणाले, "बिटिया ने पॉल्यूशन दिखाया है." त्यांच्या बायकोला तो दृष्ट लागू नये म्हणून घरावर टांगतात तो मुखवटा वाटला. "नज़रबट्टू है ना? हमारे गाज़ियाबाद वाले मकान पे बिल्कुल यही टँगा है!" मंडळाच्या सेक्रेटरींनी तर आजच्या चंगळवादावर भाषणच ठोकलं. माझं डोकं उठलं.

शेवटी मीच सगळ्यांना गोष्ट ऐकवली. राहूला खाण्यासाठी शंकराच्या रागातून एक भुकेला राक्षस निघाला. राहू शरण आला आणि सुटला. राक्षस म्हणाला, मग मी काय खाऊ? शंकर म्हणाला, स्वतःलाच खा. त्यानं पायांपासून सुरुवात केली ती थेट मानेपर्यंत. शंकर इतका खूश झाला, की त्यानं त्याला दारात मानाची जागा दिली.

"इतकं साधं आहे हो! आज्ञा पाळण्याचं चित्र आहे हे," मी जवळजवळ ओरडलेच.

"आईचं बरोबर आहे," लेक शांतपणे म्हणाली.

तिच्या आवाजात काहीतरी होतं, म्हणून मी चष्मा लावून जवळ गेले. जबड्यात घुंगरू होते. दहावी आली म्हणून मी कथक सोडायला लावलं होतं. त्यामागे पेटीच्या पट्ट्या. ती पेटी मी अकरावीत माळ्यावर टाकली होती. दोन्ही वेळा तिनं हूं की चूं केलं नव्हतं आणि मी चारचौघांत तिचं कौतुक करत सुटले होते. ओठांशी, अर्धा गिळलेला, रंगाचा ब्रश.

मला स्वतःचीच भयंकर चीड आली. लोक अजून माझ्याकडेच बघत होते.

"सोमवारचा फॉर्म राहू दे," मी कसंबसं म्हटलं.

"तू म्हणशील तसं," ती म्हणाली.