तोच कागद, दुसरं नाव

चिंचोळी एमआयडीसीतल्या त्या टॉवेलच्या कारखान्यात धम्मप्रिया बनसोडे आली की मागावरची माणसं सावरून उभी राहत. बिगाऱ्याची पोरगी, पण शिकून मागखात्याची मॅनेजर झालेली. दोन वर्षांपूर्वी मागावरच्या केसरबाईचा पदर मागाच्या पट्ट्यात अडकला, तेव्हा धम्मप्रियानं कुणालाही न विचारता अख्खं खातं बंद केलं. पट्ट्यांवर जाळ्या बसेपर्यंत तीन दिवस माग फिरू दिले नाहीत. जर्मनीला जायचा माल रखडला. मालक तोंडावर म्हणाले, "बाई, हवा गेलीय तुमच्या डोक्यात." ती हटली नाही.

यंदा जर्मन गिऱ्हाइकानं तिकडच्या आपल्या आणि इथल्या, दोन्ही कारखान्यांत एक पाहणी केली. जूनमध्ये कागद आला: समजा, यशवंत नावाचा मॅनेजर धोका पाहून न विचारता काम थांबवतो, तर त्याला दहापैकी किती गुण, साहेब म्हणून चालेल का, आणि शेरा? ऑगस्टमध्ये दुसरा आला, सुकन्या नावाच्या बाईचा. सगळ्यांनी दोन्ही भरले.

निकाल सांगायला ऑफिसातली प्रियंका आली. "मॅडम, दोन्हीत मजकूर एकच होता. फक्त नाव बदललं होतं. आपल्याकडं यशवंत 'तत्त्वाचा माणूस' ठरला आणि सुकन्या 'आगाऊ'."

"आणि जर्मनीत?"

"प्रामाणिक दोघंही. पण साहेब म्हणून कोण हवं, तर तिथंही यशवंतच."

"बाप्यांनी भरलं असेल तसं."

"बायकांनीपण, मॅडम." प्रियंकानं कचरत दोन कागद पुढं सरकवले. "हे तुमचे."

यशवंतला नऊ. सुकन्याला सहा. खाली शेरा: 'हेतू चांगला, पण बाईंनी आधी वरिष्ठांना विचारायला हवं होतं.'

धम्मप्रियानं कागद उचलला. अक्षर दुसऱ्या कुणाचं असेल म्हणून तिनं पुन्हा निरखून पाहिलं. तिचंच होतं. आणि मग तिला आठवलं. गेल्याच आठवड्यात वायर जळल्याचा वास आला म्हणून सुपरवायझर दिपालीनं चार माग बंद केले होते. 'न विचारता निर्णय घेतला' म्हणून धम्मप्रियानं तिला मेमो दिला होता. त्याआधी दुसरा सुपरवायझर चन्नवीर यानं हेच केलं, तेव्हा चारचौघांत त्याची पाठ थोपटली होती.

ती तडक खात्यात गेली. "दिपाली, मेमो मागं घेतेय. चूक माझी होती."

दिपालीनं हातातली नोंदवही मिटली. "मालकांनी दिला असता तर इसरले असते, मॅडम. तुमी दिलात, म्हणून लई लागलं."

पाळी बदलताना धम्मप्रियानं सगळ्यांना थांबवलं आणि आपले नऊ आणि सहा मोठ्यानं वाचून दाखवले. चन्नवीर जमिनीकडं बघत राहिला.

"उद्यापासून पाटी लागेल," ती म्हणाली. "धोका दिसला की ज्याला दिसेल त्यानं माग बंद करायचा. विचारायचं नाही."

"कन्नडातबी लिवा की," दिपाली म्हणाली. "दुधनीकडनं येणाऱ्या कानडी पोरींना वाचता याया पायजे."