तिसरी माफी

एदिल्सा परक्या देशातल्या लोकांचं बिघडलेलं इंटरनेट घरबसल्या दुरुस्त करायची, आणि तिचं स्वतःचं मात्र रोज मान टाकायचं. कार्ताहेनाच्या दक्षिणेकडच्या वस्तीत, पत्र्याखालच्या दोन खोल्यांपैकी आतल्या खोलीत दार लावून, कानाला हेडफोन चढवून ती समुद्रापलीकडे स्पेनमधल्या माणसांना सांगायची, "डब्याची वायर काढा. थोडं थांबा. आता लावा. दिवा हिरवा झाला का?" पलीकडून कुणीतरी खेकसायचं. नेमकं तेव्हाच तिच्या पडद्यावरचं सगळं गोठायचं आणि तो खेकसणारा माणूस हवेत विरून जायचा.

फोन आपण ठेवायचा नाही, हा कंपनीचा पहिला नियम. समोरच्याने आईबहीण काढली तरी नाही. दुसरा नियम माफीचा. प्रत्येक कॉलमध्ये तीन माफ्या: उचलल्यावर एक, मध्ये एक, निरोप घेताना एक. एखादी चुकली की कॉल ऐकणारी माणसं गुण कापायची. हा नियम लिहिणाऱ्याने जन्मात कुणाची माफी मागितली नसणार. नाहीतर जाळं ज्यांचं तुटलं ते गप्प बसणार, आणि ज्या बाईने ते कधी डोळ्यांनी पाहिलंही नाही तिने माफी मागायची, हे त्याला सुचलंच नसतं.

एदिल्साला या कामाची हौस नव्हती. तिची आई पेत्रोना जन्मभर मासळीबाजारात बसली. एदिल्साही तिच्याच टोपलीमागे वाढली, खवले काढता काढता शिकली. मग आईचा खुबा मोडला, बाजारातली जागा गेली, आणि चाळिशी उलटलेल्या एदिल्साने हेडफोन घातला. आवाज गोड होता, हिशेब पक्का होता, आणि घरी बसून आईवर नजर राहत होती. तेवढ्यासाठी ती शिव्या गिळत होती.

इंटरनेट पहिल्यांदा गेलं तेव्हा तिने दुसऱ्यांना सांगते तेच सगळं स्वतःच्या घरी केलं. वायर काढली, थांबली, लावली. राउटर बाहेरच्या खोलीत होता, कारण खांबावरून वायर तिथूनच आत यायची. तो फ्रिजच्या शेजारी होता, म्हणून तिने तो आईच्या झुलत्या खुर्चीजवळच्या फळीवर चढवला. वायरी बदलल्या. उंदराने काही कुरतडलंय का ते बघायला कपाटामागे शिरली आणि कोळिष्टकं डोक्यावर घेऊन बाहेर आली.

पेत्रोना खुर्चीत झुलत बघत होती. "दिव्याखाली अंधार तो हाच गं बाई."

"आई, तू पंखा घे आणि गप्प बस."

दोन दिवस बरं चाललं. मग पुन्हा गेलं.

आता तिचा संशय शेजारी गेला. वस्तीत एकाचं वाय-फाय चार घरं वापरायची. पाणी, मीठ आणि शिडी मागून वापरतात तसं. शेजारच्या नुबियाचा नवरा दुपारभर फुटबॉल बघायचा. एदिल्साने कुणाला न सांगता पासवर्ड बदलला. तासाभरात नुबिया दारात, हात कमरेवर.

"काय गं, आता वारा पण मोजून देणार का?"

"नुबिया, माझं काम तुटतंय. तुझा नवरा सगळं ओढून घेतो."

"माझा नवरा घरात काही ओढत असता तर मी खुश नसते का?" नुबिया हसली नाही. "ऐक. माझी पोरगी तुझ्या ओट्यावर फोन घेऊन बसायची, ती काय नुसती फुकट्यासारखी? तू आत दार लावून बडबडतेस तेव्हा तुझ्या आईला माणूस कोण होतं?"

ती गेली. दुसऱ्या दिवसापासून ओटा रिकामा. आणि इंटरनेट? ते त्याच दिवशी पुन्हा गेलं, एका चिडलेल्या पेन्शनरला अर्ध्या शिवीत सोडून.

संध्याकाळी तिच्या कामावर देखरेख करणाऱ्या जेर्सोनचा फोन आला. पोरगा वाईट नव्हता, पण ज्यांच्या तोंडाला तोंड देता येत नाही त्यांची वाक्यं तो पोचवायचा.

"एदिल्सा, तुझ्या लाईनने वैताग आणलाय. गिऱ्हाईक म्हणतं बाईने तोंडावर फोन आपटला. वरून निरोप आलाय. आता आणखी एक कॉल तुटला की घरून काम बंद. ऑफिसात यायचं."

"जेर्सोन, माझी आई आहे घरी."

"सगळ्यांनाच आई आहे गं."

ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला, बस बदलून जायचं. सकाळी अंधारात निघायचं, दुपार कलल्यावर परतायचं. गेल्या वर्षी एदिल्सा औषध आणायला म्हणून गेली होती. परतली तर पेत्रोना न्हाणीच्या ओल्या फरशीवर गाल टेकून पडलेली. हाक का मारली नाहीस विचारलं तर म्हणाली, "शेजाऱ्यांनी मला अशी बघायची होती का?" सोबतीला बाई ठेवायची तर पगार सगळा तिच्याच हातात ठेवावा लागला असता. म्हणजे आईला कुलपात ठेवायची, नाहीतर नोकरी सोडायची. एदिल्सा त्या रात्री जेवली नाही. आईला मात्र तिने यातलं काही सांगितलं नाही.

वाल्देमार नावाचा वायरमन आला. खांबावर चढला, उतरला, राउटरला आपला छोटा यंत्रडबा लावून बघितला.

"लाईन ठणठणीत आहे, ताई. लाईन तुटून हा बंद पडत नाहीये. हा मधेच मरतो आणि नव्याने जन्मतो. म्हणजे याची वीजच जातेय."

"वस्तीत वीज जातेच की."

"मग पंखाही थांबत असेल ना तेव्हा?"

एदिल्सा आठवू लागली. पंखा कधी थांबला नव्हता.

"वीजच मेली वाईट, पोरा," पेत्रोना झुलत म्हणाली आणि त्याला काळी कॉफी घ्यायला लावली. प्लग सैल असेल असं सांगून, त्याला चिकटपट्टी लावून तो गेला.

दुसऱ्या सकाळी एदिल्साने आतलं दार उघडं ठेवलं. आवाज नको म्हणून दार लावायचं, हाही कंपनीचाच नियम होता. पण राउटर नजरेसमोर हवा होता. म्हणून तिने खुर्ची फिरवली आणि कॉल घेऊ लागली. बाराच्या आत एक माणूस आला. त्याचा आवाजच चढ्या भावाचा.

"तुम्ही कुठून बोलताय? तिथून? मला इथलं माणूस द्या. नीट बोलता येणारं."

"मी माफी मागते, साहेब. आपण आधी वायर—"

"वायर, वायर! माकडालाही हेच शिकवता येईल."

"माफ करा, साहेब. मी समजू शकते."

"तुला काय समजणार? तुझ्या घरी इंटरनेट तरी आहे का?"

एदिल्सा थकून हसली असती, पण हसणंही ऐकलं जात होतं. "त्रासाबद्दल मी पुन्हा एकदा—"

आणि दाराच्या चौकटीत तिला दिसलं. पेत्रोना खुर्चीत पुढे झुकली. आपल्या काठीची मूठ तिने राउटरच्या वायरीत अडकवली, सरावाच्या हाताने. दुसऱ्या हातात खांद्यावरचा टॉवेल तयार होता.

"आई!" एदिल्सा हेडफोनची लांब वायर मागे ओढत उठली. तिने धावत जाऊन प्लगवर तळहात दाबला.

"आई कोण?" स्पेनमधला माणूस गांगरला.

"माफ करा, साहेब. इथे थोडा... आपला दिवा कुठल्या रंगाचा आहे?"

एका हाताने प्लग धरून, जमिनीवर गुडघ्यावर बसून, तिने तो कॉल पूर्ण केला. दिवा हिरवा झाला. मग तिने बाथरूमला जायची सुट्टी टाकली आणि आईसमोर बसली. आरडाओरड करण्याएवढं त्राण तिच्यात नव्हतं.

"रोज तूच करत होतीस?"

"रोज कशाला? निरोपाच्या आधीच तू तिसऱ्यांदा माफी मागितलीस की करत होते. तू बाहेर यायच्या आत वायर परत खोचत होते." पेत्रोनाच्या चेहऱ्यावर अपराधीपणा नावाला नव्हता. "दार लावलंस तरी मला ऐकू येतं. तो काय बोलतो ते नाही, पण तू काय बोलतेस ते येतं. बाजारात एक माफी वजनासाठी मागावी. दुसरी मासा शिळा निघाला तर. तिसरी मागितली की बाई गुडघ्यावर आली. मग काय करायचो आम्ही? सांग."

एदिल्साला सांगायची गरज नव्हती. तिने ते लहानपणी पाहिलं होतं. गिऱ्हाईक तोंड सोडायला लागलं की बाई बोलणं थांबवायची आणि टोपलीवर ओलं गोणपाट टाकायची. एकदा गोणपाट पडलं की रांगेतली एकही बाई त्याला शेपटीसुद्धा विकत नव्हती. मोठमोठे साहेब रिकाम्या पिशव्या घेऊन घरी जायचे आणि बायकोला काय सांगायचं याचा विचार करायचे.

"मी गोणपाट टाकलं," पेत्रोना म्हणाली. "मेल्या, जा आता रिकाम्या हाताने."

"तो जात नाही गं रिकाम्या हाताने." एदिल्साने डोळे चोळले. "त्याला लगेच दुसरी बाई मिळते. ती त्याची माफी मागते. गोणपाट माझ्यावरच पडतं, आई. तुटलेला फोन माझ्या नावावर लिहितात. आता आणखी एकदा तुटला की मला ऑफिसात बसवणार आहेत. सकाळपासून दुपारपर्यंत. तू इथे एकटी."

खुर्ची झुलायची थांबली.

"आणि बाकीच्या बायका? त्या काहीच करत नाहीत?"

"कुठल्या बायका? मी एकीलाही पाहिलेलं नाही. ज्या त्या आपापल्या घरी दार लावून बसल्यात. रांगच नाही इथे."

पेत्रोनाला खुबा मोडल्याचं सांगितलं होतं तेव्हाही तिचा चेहरा एवढा उतरला नव्हता. ती म्हणाली, "रांग नाही, तर मग बाजार कसला तो?" आणि काठी पुढे केली. "ही आतल्या खोलीत ठेव. लांब."

"आणि चालायला?"

"मी कुठे चालले आहे?"

पुढची सकाळ दोघींनीही श्वास रोखून काढली. पेत्रोना हात मांड्यांखाली दाबून बसली होती, शाळेत शिक्षा झालेल्या पोरीसारखी. चार कॉल सरळ गेले. पाचवी बाई फोन लागल्यापासूनच रडत-ओरडत होती. तिच्या पोराची परीक्षा होती, कंपनीने तिला आठवडाभर खेळवलं होतं, आणि तो सगळा राग तिने एदिल्सावर ओतला. पहिली माफी झाली. मध्ये दुसरी झाली, ती तर मनापासून. वायर निघाली, लागली, दिवा हिरवा झाला. बाई जरा निवली, पण जाता जाता म्हणालीच, "तुमच्यासारख्या लोकांना कामावर ठेवतातच कशाला!"

आता तिसरी. नियमाप्रमाणे निरोपाची.

एदिल्साने बाहेर पाहिलं. आईचे डोळे घट्ट मिटलेले. हात मांड्यांखालीच होते. ती काही करणार नव्हती. प्लग सुरक्षित होता, म्हणजे तिसरी माफी मागायला कसलीच अडचण नव्हती. तोंडात शब्द तयार होता, इतक्या वेळा वापरून गुळगुळीत झालेला.

"दिवा हिरवा आहे ना, बाई? मग झालं. पोराला परीक्षेसाठी शुभेच्छा," ती म्हणाली आणि बाईने फोन ठेवायची वाट बघत बसली.

काम संपताना जेर्सोनचा निरोप आला. आज एकही कॉल तुटला नाही, घरूनच चालू ठेव. पण पाचव्यात शेवटची माफी नाही, गुण कापलेत. का?

एदिल्साने लिहिलं, "राहून गेली." जरा थांबून पाठवलं.

"पुन्हा राहू देऊ नको," तिकडून आलं. तिने हेडफोन काढून खुंटीला लावला.

दुपारी तिने नारळाच्या दुधातला भात आणि तळलेला मासा ताटलीत झाकून घेतला आणि नुबियाच्या दारात गेली. नवा पासवर्ड तोंडीच सांगितला. नुबियाने ताटलीवरचं झाकण उचलून वास घेतला.

"वारा परत मोकळा झाला वाटतं. कोण होता चोर?"

"घरचाच."

"मला माहीत होतं," नुबिया म्हणाली, जरी तिला काहीच माहीत नव्हतं. "पोरीला पाठवते ओट्यावर. पण तुझी आई तिला मासे साफ करायला बसवते, ते सांग तिला कमी कर."

दोघी बोलत एदिल्साच्या उंबऱ्यापर्यंत आल्या आणि वीज गेली. सगळ्या गल्लीची. पंखे रेंगाळत थांबले, कुठेतरी भिंतीएवढ्या स्पीकरमधलं गाणं मधेच बसलं, आणि नुबियाच्या नवऱ्याने फुटबॉलच्या नावाने शिवी हासडली. राउटरवरचा दिवा विझला.

घरातल्या सावलीत झुलत्या खुर्चीतून पेत्रोनाने दोन्ही हात डोक्यावर उभे केले.

"मी नाही! देवाशपथ मी नाही!"

एदिल्सा उंबऱ्यावरच बसली. हसू आलं, पण पुरतं फुटायला अंगात जोर नव्हता. "खाली कर हात, आई," ती म्हणाली. "आज माझं काम संपलंय."