न जळलेला विमानतळ

सीमेवर तणाव होता, त्या दिवसांत चंदीगडला मधूनच सायरन वाजायचे. माझा नवरा हवाई दलात, विमानतळालगतच्या तळावर ड्यूटीला, फोन बंद. दुपारी मी चहा टाकला आणि आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर एक फोटो आला. आगीचे लोळ, काळाकुट्ट धूर. खाली लिहिलेलं, ‘विमानतळ उडवला. बातमी पक्की. सगळ्यांना कळवा.’ पाठवणारे मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त प्राध्यापक.

मी गॅस बंद करून गच्चीवर धावले. विमानतळाच्या बाजूचं आकाश स्वच्छ होतं. तरी फोटो मोठा करून पाहिला. कोपऱ्यातल्या टँकरवर भलतीच लिपी, मागे चक्क जहाज. चंदीगडला कुठलं आलंय बंदर? फोटोवरून शोध घेतला. परदेशातल्या तेलाच्या टाक्यांना लागलेली जुनी आग, तिथल्या वर्तमानपत्रात छापून आलेली. ती लिंक मी ग्रुपवर टाकली.

तेवढ्यात साताऱ्याहून सासूबाईंचा फोन. फोटो त्यांच्यापर्यंतही पोचला होता. “तो आहे ना गं?” एवढंच त्या विचारत राहिल्या.

“ठीक आहेत, आई. फोटो खोटा आहे,” मी म्हणाले. पण तो ठीक आहे हे मला तरी कुठं माहीत होतं?

मग मी अध्यक्षांना, आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो, फोन लावला. “सर, हा फोटो कुठून आणलात?”

“खात्रीच्या ग्रुपवरून.”

“त्यांनी कुठून आणला?”

“ते मला काय माहीत? मी लोकांना सावध केलं. तुम्ही उगाच वाद घालताय.”

“माझा नवरा तिथं आहे, सर.”

“मग तर तुम्हाला आधी कळायला हवं ना!”

मी फोन कट केला. ग्रुप उघडला तर फोटो गायब, माझी लिंकही गायब; ग्रुपचे अ‍ॅडमिन सरच. त्यांचा नवा मेसेज होता: ‘कृपया अफवा पसरवू नका.’ लोक त्यांचे आभार मानत होते.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. सुखरूप होता. मग त्यानं साताऱ्यालाही फोन केला; त्याचा आवाज ऐकल्यावरच सासूबाईंनी घोटभर पाणी घेतलं.

पुढे मंडळाच्या कार्यक्रमात सर हसत समोर आले. “काय, गेला का राग?”

“नाही. तो फोटो खोटा होता, हे माइकवरून सांगा.”

“किती ताणायचं ते,” म्हणत ते दुसऱ्यांकडे वळले. आमचं बोलणं तेव्हापासून बंद आहे. मला ते सुरू करायचंही नाही.