कापड बरोबर, धागा चूक

गावंडे सरांचं मंगळवारी सकाळी अकोल्यात निधन झालं. त्यांच्या मुलीचा, सुनीताचा फोन आला तेव्हा मी अमरावतीत घरी होतो. तिने बातमी सांगितली. मग म्हणाली, "काका, बाबांना तो अंगरखा घालायचा का? सगळे विचारताहेत. मला ठरवता येत नाही." मी आलोच म्हणालो आणि स्टेशनवर गेलो.

गाडीत त्या प्रश्नाचाच विचार करत होतो. तो प्रश्न कळायला आधी सर कळले पाहिजेत.

सरांच्या खिशात नेहमी काडीपेटी असायची. बिडी-सिगारेट त्यांनी आयुष्यात ओढली नाही. काडीपेटी कापडासाठी होती. कोणाच्या अंगावर काही वेगळं दिसलं की ते जवळ जात, "जरा थांबा" म्हणत, कापडाच्या कडेचा एक धागा ओढत आणि पेटवत. सूत असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि बोटावर राखाडी राख उरते. पॉलिस्टर असेल तर धागा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला काळा टणक मणी होतो. सर तो मणी त्या माणसाच्या तळहातावर ठेवत आणि पुढे जात.

माझी त्यांची पहिली भेट अशीच झाली. मी अमरावतीच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. मुलांनी ऐतिहासिक नाटक बसवलं होतं आणि त्यांना संदर्भाची पुस्तकं काढून देणं माझ्याकडे होतं, म्हणून मी रंगपटात उभा होतो. पहिला अंक संपल्यावर प्रेक्षकांतून राखाडी सफारीतला एक उंच माणूस आत आला आणि त्याने सेनापतीच्या शेल्याचा धागा ओढून पेटवला. मणी झाला. "सेनापती," तो म्हणाला, "तुमी आगीजवळ जाऊ नका." सेनापती झालेला मुलगा वकिलाचा होता, गप्प बसणारा नव्हता. तो म्हणाला, "सर, लढाई तर दुसऱ्या अंकात आहे." "मंग दुसऱ्या अंकात जपजा," असं म्हणून ते माझ्याकडे वळले आणि मी कोणती पुस्तकं दिली ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ती सगळी वाचलेली होती. "ह्यात तलवारी लय आहेत," ते म्हणाले. "कापूस नाई."

कापूस हा त्यांचा विषय. नांदगाव खंडेश्वरकडच्या शेतकरी घरात जन्म, शिक्षण शेतीशास्त्राचं, आणि सगळी नोकरी अकोल्यात कापसाच्या वाणांवर संशोधन करण्यात गेली. निवृत्त झाल्यावर दूरदर्शनसमोर बसायला वेळ मिळाला आणि तिथून हे वेड लागलं. ऐतिहासिक मालिका सुरू झाली की ते खुर्ची पुढे ओढत. संवाद, लढाया, दागिने याकडे त्यांचं लक्ष नसे. साध्या शिपायाने काय घातलं आहे एवढंच ते बघत. सगळे शिपाई एका रंगाच्या फेट्यात दिसले की म्हणत, "हे लढाईले चालले का वरातीत?"

त्यांचं म्हणणं सरळ होतं. आज आपण जो कापूस घालतो तो लांब धाग्याचा, बाहेरून आलेल्या वाणांचा. वऱ्हाडातला जुना गावरानी कापूस आखूड धाग्याचा. त्याचं सूत जाड निघतं, कापड खरबरीत होतं, अंगावर वेगळं पडतं. राजाचा पोशाख संग्रहालयात सापडतो, शिपायाचा झिजून गेला. म्हणून राजाचा पोशाख बरोबर दाखवणं सोपं, शिपायाचा अवघड, आणि त्यांना शिपायाचाच हवा होता.

अकोल्यातल्या काही तरुणांचं एक पथक होतं. ते किल्ल्यांवर जाऊन जुन्या काळचे कपडे घालून लढाईचे प्रसंग करून दाखवत. सर त्यांच्याकडे जाऊ लागले. पोरं त्यांना पाठीमागे काडीपेटी सर म्हणत आणि ते त्यांना माहीत होतं. एकदा एकाने विचारलं की आपल्या भागातल्या शिपायाच्या पागोट्याचा रंग कोणता होता. सर म्हणाले, माहीत नाही. त्याला वाटलं सर पाहून सांगतील. पुढच्या वेळी पुन्हा विचारलं. सर पुन्हा म्हणाले, माहीत नाही. पोरगा वैतागला, आता डोक्याला काय बांधू म्हणाला. तेव्हा सर जे बोलले ते मी घरी आल्यावर लिहून ठेवलं. "जे माहीत नाई तिथं कोरं कापड ठेव. खोटं बोलण्यापरीस गप्प रायलेलं बरं. कापडालेबी गप्प रायता येते."

हा माणूस स्वतः मात्र जन्मभर टेरिकॉटच्या सफारीत वावरला. उन्हाळ्यात, अकोल्यात. पथकातली पोरं यावरून त्यांना टोचत. कापसाचे एवढे तज्ज्ञ आणि अंगावर काय, तर टेरिकॉट. सर शांतपणे कॉलर सरळ करत. "मी सत्तर सालचा मानूस आहे. माह्या काळाले हेच बरोबर आहे. मी खादी घातली तर ते सोंग होईन."

त्यांच्या पत्नी शकुंतलाकाकू शाळेत शिक्षिका होत्या. त्या बोलायला त्यांच्यापेक्षा तिखट. मला चहा देताना म्हणत, "भाऊजी, यायले मानसापरीस सूत जास्त कळते. लग्नात मांडवात बसून माह्या शालूचा पदर चिमटीत धरून पाहत होते. मले वाटलं लाजून राहिले."

एक तरी पोशाख कापसापासून शिवणीपर्यंत बरोबर व्हावा आणि तो लोकांना एकदा दिसावा, असं सरांनी मनात घेतलं. गावी त्यांचा चुलतभाऊ शेती करायचा. त्याच्याकडे त्यांनी धुऱ्यालगतची, शेताच्या बांधाकडची एक पट्टी मागितली आणि गावरानी बी लावलं. "दादा, येवढ्या कापसात उशीबी भरत नाई," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. कापूस निघाला. सूत सरांनी स्वतः कातायला घेतलं आणि त्यांना ते नीट जमलं नाही, तेव्हा शिकून पुन्हा कातलं. विणकर शोधला. एका जुन्या घराण्यात जपलेला, रंग उडालेला अंगरखा पाहून त्यावरून बेतला. रंग माहीत नव्हता म्हणून दिला नाही. शिवायचं काम काकूंनी घेतलं, सगळं हाताने.

काकूंची तब्येत त्याच वर्षी बिघडली होती. औषधांनी हात थरथरत. मी गेलो की त्या ओसरीत चष्मा लावून अंगरखा मांडीवर घेऊन बसलेल्या दिसत. घरी कातलेलं सूत शिवताना तुटायचं. त्या तक्रार करत आणि सर आतून म्हणत, तुटू दे, पुन्हा ओव. अंगरखा पुरा झाला. पुढच्या उन्हाळ्यात काकू गेल्या.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी सर तो अंगरखा घेऊन आमच्या महाविद्यालयात आले. ग्रंथालयाच्या दालनात आम्ही जुन्या वस्त्रांचं लहानसं प्रदर्शन मांडलं होतं. सर मुलांना कापसाची गोष्ट सांगत होते. एका मुलीने विचारलं, "सर, शिवायचा दोरा पण याच कापसाचा आहे का?" सरांना प्रश्न आवडला. त्यांनी आतल्या बाजूने शिवणीचं सुटलेलं टोक ओढलं आणि सवयीने काडी ओढली.

मणी झाला.

मुलं हसली. त्यांना वाटलं हाही खेळाचा भाग आहे. सरांनी तो मणी बराच वेळ बोटांवर फिरवला. मग त्या मुलीला म्हणाले, "कापड बरोबर, धागा चूक." अंगरखा घडी करून त्यांनी पिशवीत ठेवला.

मी त्यांना सोडायला स्टेशनवर गेलो होतो. गाडी यायला वेळ होता. ते म्हणाले, "तुटते म्हणत होती. मीच ऐकलं नाई." मग थोड्या वेळाने, "रिळाचा दोरा घेतला अन् मले सांगितलं नाई. पुरा करायचा होता ना तिले." गाडी आली आणि ते पिशवी घेऊन चढले.

इतर कोणी असतं तर गप्प बसलं असतं. शिवणीतला धागा कोणाला दिसतो? सर मात्र अंगरखा दाखवला की दर वेळी सांगत, कापड बरोबर, धागा चूक. पथकातल्या पोरांनी सुचवलं की उसवून सुताने पुन्हा शिवू. सर हो म्हणत आणि करत नसत.

मग एका ऐतिहासिक मालिकेचं चित्रीकरण आमच्या जिल्ह्यातल्या डोंगरात ठरलं. मालिकेच्या वेशभूषेचं काम पाहणारी केतकी नावाची मुलगी मुंबईहून सरांचा पत्ता काढत अकोल्याला आली. मी त्या दिवशी तिथेच होतो. मला वाटलं होतं, जरीच्या गप्पा मारणारी कोणी असेल. तिने अंगरखा हातात घेतला, उलटा केला आणि आधी शिवण पाहिली. सर माझ्याकडे बघून किंचित हसले. त्यांना त्यांच्या जातीचं माणूस भेटलं होतं.

तिला एक दृश्य करायचं होतं. लढाईच्या आदल्या दिवशी एक शिपाई अंगरख्याचे बंद बांधतो, एवढंच. कॅमेरा त्याच्या बोटांवर, अगदी जवळून. त्यासाठी तिला खरा अंगरखा हवा होता. सरांना हवं होतं ते सगळं दारात आलं होतं.

"धागा पॉलिस्टर आहे," सर म्हणाले.

केतकी म्हणाली, एवढंच ना, आज संध्याकाळपर्यंत मी उसवून सुती धाग्याने शिवून देते. ती सहज म्हणाली. तिला माहीत नव्हतं. सर उठले, आतून काकूंचा शिवणाचा डबा घेऊन आले आणि कात्री काढली. बंद जिथे जोडला होता तिथला पहिला टाका त्यांनी कात्रीच्या टोकावर घेतला. तो टाका तिरपा होता. त्याच्या शेजारचाही तिरपा होता. सर पाहत राहिले. मग त्यांनी कात्री डब्यात ठेवली.

"नाई जमत, बाई. शिवण बायकोची आहे माह्या."

केतकीने वाकून ते तिरपे टाके पाहिले. नंतर म्हणाली, सर, मग असाच द्या. इतक्या जवळून कापड दिसेल, धागा कशाचा आहे हे कोणालाच कळणार नाही.

"तुमी लोकायले सांगसान काय, का धागा आमच्या काळचा आहे म्हणून?"

मालिकेत असं सांगता येत नाही, ती म्हणाली.

"मंग राहू द्या."

मला तेव्हा राहवलं नाही. ती गेल्यावर मी म्हणालो की एवढी वर्षं ज्यासाठी घालवली ते एका धाग्यासाठी सोडलंत. सर अंगरख्याची घडी घालत होते. म्हणाले, "ग्रंथपाल, उसवला तर तिचं खोटं होते. नाई सांगितलं तर माहं." चहाचे कप उचलून ते आत गेले.

केतकी जाताना उरलेल्या कापडाचा एक तुकडा मागून घेऊन गेली होती. काही महिन्यांनी तिचा फोन आला, अमुक दिवशी मालिका बघा. मी मुद्दाम अकोल्याला गेलो. सर खुर्ची पुढे ओढून बसले. शिपाई आला, त्याने बंद बांधले. कापड नवीनच विणलेलं होतं, पण जाड, खरबरीत, बिनरंगाचं. काही क्षणांत दृश्य संपलं. सर म्हणाले, "हं. गप्प कापड आहे." आणि दूरदर्शन बंद केलं. त्या दिवसापासून त्यांचं वाक्य बदललं. अंगरखा पाहायला कोणी आलं की ते म्हणत, "कापूस माहा, शिवण तिची, धागा चूक."

मी पोचलो तेव्हा सुनीता अंगरखा मांडीवर घेऊन आतल्या खोलीत बसली होती. ती म्हणाली, "आईच्या हातचा आहे. बाबांनी याच्यासाठी काय काय केलं. त्यांच्यासोबत जाऊ दे असं मला वाटतं." दारात सरांचा चुलतभाऊ उभा होता. त्याचं म्हणणं होतं, रीतीप्रमाणे नवं धोतर. "बाबा जन्मात धोतर नेसले नाहीत," सुनीता म्हणाली.

मी तिला म्हणालो, "सुनीता, ते स्वतःला सत्तर सालचा माणूस म्हणत."

तिला कळायला जरा वेळ लागला. मग ती रडता रडता हसली. "म्हणजे सफारी?"

"सफारीत कोनी नेते काय मानसाले?" चुलतभाऊ म्हणाला. पण मग तोच कपाटाशी गेला. "राखाडी घ्या," तो म्हणाला. "दादा राखाडीत बरा दिसे."

राखाडी सफारी घातली. वर रीतीचं पांढरं वस्त्र पांघरलं. निघताना विस्तव पेटवायचा तर काडीपेटी कोणाजवळ नव्हती. सुनीताने सरांच्या सफारीच्या खिशात हात घातला आणि काढून दिली.

अंगरखा सुनीताने माझ्याकडे ठेवायला दिला. तो ग्रंथालयात नाही, माझ्या घरी कपाटात आहे. पथकातली पोरं कधी कधी पाहायला येतात. मी तो उलटा करून बंदाजवळचे तिरपे टाके दाखवतो आणि धागा कोणता आहे ते सांगतो. कापूस गावरानी आहे. शिवण काकूंची आहे. ती कोणी उसवलेली नाही.