काकूंचे गुडघे ठणठणीत होते

फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या सकाळच्या मीटिंगमध्ये होते. स्क्रीनवर कुमुदकाकूंच्या जान्हवीचं नाव दिसलं आणि मी तिथेच उचलला, कारण जान्हवी कधी फोन करत नाही, मेसेज टाकते. "वैशालीताई, आई गेली," ती म्हणाली, आणि मग घाईघाईने इंग्रजीत सगळं सांगून टाकलं... मेंदूत रक्तस्राव, दोन दिवस आयसीयू, शुद्धीवर आलीच नाही. मी मीटिंगमधल्या लोकांना काहीही न सांगता लॅपटॉप धाडकन मिटला. कुमुदकाकू आणि गेल्या? पंधरा दिवसांपूर्वी मिनेसोटातल्या आमच्या ईडन प्रेरीच्या तळ्याभोवती माझ्यापुढे चालत होत्या त्या, आणि वर मागे वळून विचारत होत्या, "काय गं, दमलीस का?"

याला आता दीड महिना झाला. स्मृतिलेखात गेलेल्या माणसाचं कौतुक करायचं असतं, ते मी करणारच आहे, पण मला आधी एक दुरुस्ती करायची आहे. इथल्या मराठी मंडळाच्या शोकसभेत देशपांडेकाकांनी तो किस्सा पुन्हा सांगितला. काकू सत्तराव्या वर्षी कोलोरॅडोच्या बर्फाळ डोंगरात स्की घेऊन गेल्या, आणि ऐन उतारावर घाबरून, गुडघ्यांचं निमित्त करून, सगळ्या ग्रुपला परत घेऊन आल्या. "शेवटी आपलं मराठी माणूस, हो!" असं काका म्हणाले आणि भरल्या डोळ्यांनी सगळे हसले. पहिल्या रांगेत बसलेली जान्हवीसुद्धा हसली. तो किस्सा खोटा आहे. आणि तो गावभर केला मी.

काकू मूळच्या मिरजेच्या. पन्नासेक वर्षांपूर्वी इकडे आल्या आणि आयुष्यभर एका मोठ्या हॉस्पिटलात भूल देण्याचं काम केलं. त्यामुळे समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघण्याआधी त्यांची नजर त्याच्या ओठांवर आणि नखांवर जायची. कोणाच्या घरी जेवायला गेल्या तरी दारातच विचारायच्या, "शेवटचं काय खाल्लंस? किती वाजता?" ऑपरेशनच्या टेबलावर हजारो लोकांना विचारलेला प्रश्न, तो जिभेवर इतका बसला होता की रिटायर झाल्यावरही सुटला नाही. मिनेसोटाच्या हिवाळ्यात बाकीच्या काकू हीटरशेजारी सिरियल बघत बसायच्या, या बाईने पन्नाशीत स्की पायाला बांधल्या. "पाच महिने बरणीतल्या लोणच्यासारखं मुरत बसायचं का गं घरात?" असं म्हणायच्या. मला त्यांनीच शिकवलं. मी नागपूरची, बर्फ म्हणजे आम्हाला गोळ्यातला ठाऊक. पहिल्या दिवशी अकरा वेळा पडले आणि अकराही वेळा काकूंना शिव्या घातल्या. त्या नुसत्या हसत उभ्या राहायच्या. हात द्यायला एकदाही आल्या नाहीत, म्हणाल्या, "उठायचं कसं ते आधी शिक."

कोलोरॅडोच्या ट्रिपसाठी मात्र मी त्यांच्या मागे लागले होते. चार दिवस, तीन हट. हट म्हणजे डोंगरात उंचावर बांधलेली लाकडी घरं. तिथे रस्ता जात नाही, आपल्याच पायांनी स्कीवर चढून जायचं, वर पोचलं की शेगडी पेटवायची आणि बर्फ वितळवून प्यायचं पाणी करायचं. चढताना स्कीच्या तळाला एक केसाळ पट्टी चिकटवतात, म्हणजे मागे घसरत नाही; आणि घरून निघण्याआधी तळाला मेण चोळून ठेवतात, म्हणजे उतारावर सरसर जाते. आम्ही दोघी, दोन अमेरिकन जोडपी आणि आमची गाइड मेगन, असे सात जण. पहिले दोन दिवस काकूंनी त्या चार धट्ट्याकट्ट्या माणसांना घामाघूम केलं. घाई नाही, थांबणं नाही, शिवणयंत्रासारखी एका लयीत चालणारी बाई. मला तर असला अभिमान वाटत होता की विचारू नका.

मेगनने पहिल्याच संध्याकाळी एक नियम सांगितला होता. इथे बहुमत चालत नाही. धोक्याच्या जागी एकाने जरी "नको" म्हटलं की सगळे परत फिरणार, आणि त्याला कारण कोणी विचारायचं नाही. नियम झकास आहे, पण तो आपल्या लोकांसाठी केलेला नाही. आपण पाहुण्यांसमोर "नको" म्हणतो ते फक्त दुसऱ्या पोळीला, आणि तेही खोटं. चारचौघांचा खोळंबा होईल म्हटल्यावर आपण काट्यावर उभे राहू, पण तोंड उघडणार नाही.

तिसऱ्या दिवशी संकष्टी होती. आईच्या बायपासच्या वेळी मी संकष्टी धरली, तेव्हापासून एकोणीस वर्षांत एकही मोडली नव्हती. तारखा ठरवताना पंचांग बघायचं राहून गेलं, आता या लोकांना चंद्रोदयापर्यंतचा उपास कुठे समजावत बसू, म्हणून मी गप्प राहिले. सकाळी मेगनने विचारलं, सगळ्यांनी नीट खाल्लं ना? मी मान हलवली आणि माझं ओटमील हळूच मोठ्या पातेल्यात परत ओतलं. माझ्याकडे राजगिऱ्याचे लाडू होते, म्हटलं भागेल. ठेवले होते बॅगच्या बाहेरच्या कप्प्यात. बाप्पा! दहाच्या सुमाराला चावायला गेले तर दगड. तुकडा पडेना. पाण्याची नळीसुद्धा गोठलेली. समुद्रसपाटीपासून अकरा हजार फुटांवर, सकाळच्या एका केळ्यावर, मी चढत होते.

खिंडीच्या खाली एक तिरका, उघडा उतार ओलांडायचा होता. ऊन चढलं की तिथला बर्फ सैल होऊन सुटू शकतो, म्हणून एकेकाने, न थांबता, झटपट पार व्हायचं. पलीकडे तिसरी हट, सगळ्यात उंच, जिच्यासाठी लोक वर्षवर्ष वाट बघतात. माझं डोकं हलकं झालं होतं, बुटाचं बक्कल लावायला तीनदा चुकले, हातमोजा दोनदा पडला. काकू शेजारी आल्या. "शेवटचं काय खाल्लंस?" "ओटमील की, सकाळी." त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं, एकच क्षण. मेगन एकेकाला विचारत आली. मी म्हटलं, येस. काकू म्हणाल्या, "नो. मी नाही येणार. माझे गुडघे." मेगनने काही न विचारता स्की वळवल्या. बाकीच्या चौघांचे चेहरे पडले. आणि मी? मी परतीच्या वाटेवर, सगळ्यांच्या मागे राहून, मराठीत म्हणाले, "जमत नव्हतं तर यायचंच नव्हतं, काकू. सगळ्यांची ट्रिप घालवलीत."

हे वाक्य मी कोणाला म्हणाले ते आठवलं की आजही कानशिलं तापतात. दुसऱ्या हटवर परत पोचल्यावर त्यांनी माझ्या बॅगेतला लाडू काढला, उजेडात फिरवून बघितला. "दातांचे ठसे आहेत, तुकडा पडलेला नाही," म्हणाल्या. "आज चतुर्थी आहे, हो ना?" तो लाडू त्यांनी स्वतःच्या जॅकेटच्या आत, पोटाशी धरून मऊ केला आणि माझ्या हातावर ठेवला. "चंद्र आपल्या वेळेला उगवेल. तू आता खा." मी खाल्ला. रडत रडत खाल्ला. मग विचारलं, तिथेच का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, "तू सगळ्यांसमोर खोट्यालाच चिकटून बसली असतीस, आणि वर ऊन चढत होतं. पोटात अन्न गेलं तरी पायात यायला वेळ लागतो. अधमेल्या माणसाला त्या उतारावर पाठवायचं नसतं, बस." आईला नंतर फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "गणपती काय डोंगरावर हजेरी घ्यायला येतो का?" म्हणजे एकोणीस वर्षं मीच एकटी कडक.

पण खरी चूक ही नव्हेच. खरी चूक त्या संध्याकाळची. जेवताना त्या चौघांपैकी एकाने काकूंना विचारलं, गुडघे कसे आहेत? मी तोंड उघडलं... आणि काकूंनी माझ्याकडे बघितलं, वाट बघितली. नक्की बघितली. मी सूप ढवळत राहिले. मग त्या हसून म्हणाल्या, "म्हातारे आहेत बिचारे." पेशंटने काय खाल्लं, काय लपवलं, हे त्या कधी बाहेर बोलायच्या नाहीत, आणि त्या दिवशी मी त्यांची पेशंट होते. घरी आल्यावर लोक विचारायला लागले, वरच्या हटपर्यंत का नाही गेलात? काकूंचे गुडघे, मी म्हटलं. एकदा म्हटलं की परत फिरणं अवघड. मंडळाच्या हळदीकुंकवाला तर मी तो किस्सा मीठमसाला लावून, नकला करून सांगितला. ओहायोहून आलेली जान्हवीही ऐकत होती. काकू तिळगूळ वाटत होत्या.

त्या दिवशी त्यांना घरी सोडताना गाडीत त्या म्हणाल्या, "वैशाली, एकदा दुरुस्त कर गं ते. लोकांचं सोड. जान्हवीला खरं वाटतं." मी म्हटलं, करते काकू. मनापासून म्हटलं. मग ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आलं, मुलाच्या परीक्षा आल्या, विषय निघाला नाही... पुढच्या हिवाळ्यात मी विचारलं, जायचं का कोलोरॅडोला? "या वर्षी नाही जमणार." त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. मला वाटलं, वय झालं. मला तसं वाटून घेणं सोयीचं होतं.

शोकसभेतही मी गप्प बसले. दोन वर्षांत तिसऱ्यांदा. हा लेख लिहायला घेतला तेव्हा ठरवलं, जान्हवीने हे छापलेलं वाचायचं नाही, आधी माझ्या तोंडून ऐकायचं. काल तिला ओहायोतल्या डब्लिनला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ओटमील, लाडू, उतार. मध्ये थांबले नाही, स्वतःची बाजूही घेतली नाही.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "So her knees were fine?"

"एकदम ठणठणीत. माझ्यापेक्षा चांगले."

"ताई, मी तिच्याकडून प्रॉमिस घेतलं होतं. No more mountains. तिच्या स्की मी इकडे आणून ठेवल्या, गराजमध्ये." ती रडत होती. "पुढच्या वर्षी तिने विचारलं मला, जाऊ का म्हणून. त्याच्या पुढच्या वर्षी पण. I said no. दोन्ही वेळा... तिने मला सांगितलं का नाही?"

"कारण ते मी सांगायचं होतं."

फोन तिने ठेवला नाही. दार उघडल्याचा आवाज आला, दिवा लावल्याचा, खोकी सरकवल्याचा. गराजमध्ये गेली असावी. काकू दर नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला तिच्याकडे जायच्या. जेवण झालं की गराजमध्ये जाऊन तासभर काहीतरी करत बसायच्या, हे मला तिच्याकडूनच ठाऊक होतं.

"तिने मेण लावलंय," जान्हवी म्हणाली. "दोन्ही स्कींना. अजून ताजं आहे."